इंदू आमच्या गावात येते

माझ्या माहेरी, श्रीरामपूरला, दाराला वर एक, मधे एक आणि खाली एक अशा तीन कड्या. लग्न होऊन शनिशिंगणापुरात आले तर घराला दारच नाही! चौकटीला पडदा आणि कुत्रं शिरू नये म्हणून आडवी टेकवलेली फळी. तरी दाराची वाटली नाही इतकी सासूबाईंची भीती वाटायची. बनुबाई त्यांचं नाव. मी त्यांना आत्याबाई म्हणते. बोलणं तुटक, नजर धारदार. शनीला वाहायच्या तेला-माळांचं आमचं दुकान. दोघी दिवसभर तिथं बसायचो आणि आमच्यात बोलायला विषय म्हणून नसायचा.

विषय पुरवला इंदूनं.

इंदू ही पुस्तकातली. गावोगाव टपाल वाटते आणि वाटेत तिला भुतं भेटतात. त्यांची अडलेली कामं ती निस्तरून देते. भुताला भीत नाही, पालीला भिते. एसटी हमखास चुकवते आणि मग शेंगदाणे खात पायी निघते. एका दुपारी दुकानात मी तिचा पहिला भाग उघडला. आत्याबाई रुईच्या पानांची माळ ओवत होत्या.

"काय वाचती गं? मोठ्यानं वाच. माझे हात गुतलेत."

तेव्हापासून तीन वर्षांत तीस भाग झाले. शनिवारी गर्दी असते, पण इतर दिवशी दुपारी गिऱ्हाईक तुरळक. तो एक तास आमचा. पाल दिसली की इंदूऐवजी आत्याबाईच ओरडायच्या. ती उपाशी राहिली की हळहळायच्या. त्या एका तासानं मला सासर दिलं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मग एकतिसावा भाग आला. भावानं श्रीरामपूरच्या स्टँडवरून आणला. नाव, 'इंदू शिंगणापुरात'!

आत्याबाईंनी सगळ्या आळीला सांगितलं, "आपली इंदू येतीय गावात." वर मला म्हणाल्या, "खरंच आली आसती तर बाजरीची भाकर आन् शेंगुळे घातले आसते पोटभर. लई वाळलीय पोरगी."

आमचा नियम होता, पुढचं चोरून वाचायचं नाही. पण आपलंच गाव म्हटल्यावर मला कुठला धीर! सकाळी पीठ मळायच्या आधी चार पानं चाळली आणि तिथंच थांबले. रसवंतीवाल्या सूर्यभानचं भूत इंदूकडे येतं. नातीसाठी ठेवलेले चांदीचे तोडे खोलीतून गायब झालेत. येताना भूत दारावर टकटक करतं. आणि सगळं गूढ कशावर? तर खोलीला आतून कडी होती!

शिंगणापुरात कडी!

आत्याबाई एकदा बिनसल्या की बिनसल्या. चार वर्षं पाहिलेली टीव्हीवरची मालिका त्यांनी एका दिवसात सोडली होती, कारण नायिका वासरू न पाजताच गाईची धार काढायला बसली. "हिला गाय ठावं न्हाई, मला ही ठावं न्हाई," एवढंच बोलल्या आणि पुन्हा कधी लावली नाही. आता कडी ऐकली तर इंदूही गेली. आणि इंदू गेली की आम्ही दोघी पुन्हा मुक्या. मला खरंच रडू आलं.

दुपारी पुस्तक उघडलं. टकटकीची ओळ आली. आणि तोंडातून निघून गेलं, "सूर्यभानचं भूत पडद्याबाहेर थांबलं आणि पाहुण्यासारखं खाकरलं."

"शाना हाय," आत्याबाई म्हणाल्या. "रीत पाळतो."

एकदा खोटं बोललं की पुढचं आपोआप सुचतं. कडीचं काय करावं? समोर आत्याबाई चौकटीतच मांडी घालून माळ ओवत होत्या. मी वाचलं, "सकाळपासून चौकटीत चार बायका माळा ओवत बसल्या होत्या. आत कुणी गेलं नाही, बाहेर कुणी आलं नाही."

"बराबर! आमी बसल्यावर मांजर बी जात न्हाई आत."

सहा दुपारी मी असं वाचत राहिले. भाकरी थापताना पुढचं जुळवायचं आणि दुपारी छापल्यासारखं म्हणायचं. शेवटी तोडे सापडले रुईची पानं वाहायच्या पाटीत. आत-बाहेर ये-जा करणाऱ्या पाटीला कोण विचारतं? पानं पुरवणारा सूर्यभानचा पुतण्याच चोर निघाला.

"मला पाटीचा संशय हुताच," आत्याबाई मांडीवर थाप मारून म्हणाल्या. मी पुस्तक मिटलं.

शनिवारी नाशिकची एक बाई तेल घ्यायला आली. गल्ल्याशेजारी पुस्तक दिसताच खुलली. "अय्या, तुम्हीही इंदूवाल्या? ती कडीची युक्ती काय झकास ना! बाहेरून दोरा ओढून आतली कडी लावतो तो चोर!"

मी घाईनं तेलाची बाटली तिच्या हातात कोंबली.

"कसली कडी?" आत्याबाईंनी विचारलं. त्या बाईनं उत्साहानं सगळं सांगितलं, टकटकीसकट. आत्याबाई ऐकत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पायाच्या अंगठ्याकडे.

"तुमच्या पुस्तकात आसंल कडी," त्या बाईला म्हणाल्या. "आमच्या पुस्तकात न्हाई."

बाई गोंधळून गेली. गर्दी ओसरेपर्यंत आत्याबाई माझ्याकडे पाठ करून माळा विकत राहिल्या. संध्याकाळी मीच विचारलं, "रागावलात?"

"लई. लिवणाऱ्यावर." त्यांनी एक पान दोऱ्यात ओवलं. "तुज्यावर बी. इतकं रचलंस आन् पोरीला उपाशीच धाडलंस गावातून? वाच पुढं."

"पुस्तक संपलं की, आत्याबाई."

"पुस्तक संपलं. इंदूला यष्टी घावली का?"

"नाही. चुकली."

"मग? वाच."

मी पुस्तक घेतलं. शेवटचं कोरं पान उघडलं, घसा साफ केला.

"एसटी चुकली तशी इंदू माघारी फिरली. बनुबाईंच्या घरापाशी आली. पडद्याबाहेर थांबली आणि खाकरली."

आत्याबाईंनी माळ बाजूला ठेवली.

"ये बाई," म्हणाल्या. "शेंगुळे निवत्यात."