उजव्या झडपेखालची दोन चित्रं

मी एक घडीचा कागद बोलतोय. कचेरीत मला माहितीपत्रक म्हणतात, पण एवढं मोठं नाव मिरवावं असं माझ्या हातून काही घडलेलं नाही. उलट कुणी मला उघडायला लागलं की वाटतं, नको, मिटूनच ठेवा. का ते सांगतो. मधेच उठू नका, कारण महत्त्वाचं आहे ते शेवटी आहे.

माझा जन्म चौसष्ट पानांच्या एका सरकारी धोरणातून झाला. जुन्या कामगार वस्तीत वीस वर्षं राहिलेल्या माणसाला त्याची खोली त्याच्या नावावर करून द्यायची, असं ते धोरण. गोष्ट चांगली, पण सांगायची तऱ्हा अशी की वाचणाऱ्याला धाप लागावी. एक वाक्य सुरू झालं की पान उलटल्यावर संपायचं. ‘उपरोक्त’, ‘विहित नमुन्यात’ असले शब्द दारात पहारेकरी बसावेत तसे ठाण मांडून बसलेले. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं लिहिलं, त्यातले निम्मे लोक सहीच्या जागी अंगठा उठवणारे.

त्या चौसष्ट पानांचा एक कागद करायचं काम छापायच्या कागदांची मांडणी करणाऱ्या ताईंकडे आलं. कचेरीच्या वरच्या मजल्यावर खिडकीपाशी त्यांचं टेबल. केसांत पेन्सिल खोचायची आणि तीच पेन्सिल टेबलभर शोधायची, अशी ही बाई. पण कामाला खरी. प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचायच्या, दम लागला की तिथेच कात्री. अक्षर एवढं मोठं केलं की चष्मा घरी विसरला तरी चालावं. काळं अक्षर, पांढरा कागद, मुखपृष्ठावर निळ्या छपराचं घर. आणि आत चार चित्रं.

पहिल्या चित्रात ट्रंकेतून खोलीचा जुना दाखला शोधून काढायचा. दुसऱ्यात तो कचेरीच्या खिडकीत दाखवून तपासून घ्यायचा. तिसऱ्यात गोल शिक्क्याची पोच आपल्या हातात घ्यायची. आणि मग चौथ्यात दाखला देऊन टाकायचा. पोच हाती आल्याशिवाय दाखला सोडायचा नाही, हा त्या धोरणाचा जीव. दाखला आत गेला आणि पोच नसली, तर तुम्ही त्या खोलीत राहत होता हे सांगायला भिंतीसुद्धा पुढे येत नाहीत.

ताईंनी चित्रांवर ठळक आकडे घातले होते. ते ताईंच्या वरच्या चष्मेवाल्या साहेबांना खुपले.

“हे एक, दोन, तीन, चार कशाला? पहिलीचं पुस्तक आहे का हे?”

“साहेब, क्रम कळायला नको का?”

“बाण घाला एखादा. नाजूकसा. सरकारी कागद भारदस्त दिसला पाहिजे.”

“आणि चित्रं?”

“राहू देत. जागा तरी भरते.”

आकडे गेले, राखाडी रंगाचा सुतासारखा बाण आला. मला तेव्हाच कसंतरी झालं होतं. पण कागदाला विचारतो कोण?

खरी चूक मात्र साहेबांची नव्हती. ताईंनी मला दोन महिने डोळ्यांत तेल घालून पाहिलं, पण नेहमी पसरलेला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर पसरलेला, भिंतीवर चार टाचण्या टोचून पसरलेला. घडी घातलेला असा हातात कधी घेतलाच नाही. छापखान्यात कागदांच्या घड्या घालणाऱ्या घडीकाकांच्या यंत्रातून मी पहिला बाहेर पडलो आणि चूक माझ्या लक्षात आली.

दाराला दोन झडपा असतात तशा मलाही आहेत. निळ्या छपराची झडप डावीकडे उघडली की आतल्या बाजूला पहिलं चित्र दिसतं. उजवी झडप तेव्हा अजून मिटलेलीच असते, आणि तिच्या पाठीवर छापलं होतं चौथं चित्र. पहिल्याच्या शेजारी थेट चौथं! दुसरं आणि तिसरं त्या झडपेखाली गाडलेलं. दाखला शोधा आणि देऊन टाका, एवढंच मी सांगत होतो. पोच माझ्या पोटात दडलेली.

यंत्र खडखडत माझी भावंडं बाहेर टाकत होतं, आणि ते बघायला आलेल्या ताई शेजारी उभ्या राहून हसत होत्या. मला त्यांनी पिशवीत घातलं आणि संध्याकाळी कचेरीच्या जिन्याखाली आल्या. तिथे इस्त्रीवाल्या मावशींची टपरी आहे.

“मावशी, तुमच्याच वस्तीचं आहे. पहिला कागद तुम्हाला.”

“मला वाचता कुठे येतं गं?”

“वाचायचंच नाही. चित्रं बघत जायचं.”

तेवढ्यात ताईंचा फोन वाजला आणि त्या बोलत बोलत निघून गेल्या. अजून दोन मिनिटं थांबल्या असत्या, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

घरी मावशींनी मला उघडलं. सून कणीक मळत होती. तिला वाचता येत होतं.

“आई, वाचून दाखवू का?”

“डोळे आहेत मला. तू तुझं पीठ बघ. सारखं अडाणी म्हणत जाऊ नकोस.”

“मी कधी म्हटलं?”

“तोंडानं नाही म्हणालीस.”

सून पुन्हा कणकेकडे वळली. मावशींनी ट्रंक ओढली आणि तळातून दाखला काढला. नवरा गेल्यापासून हा एवढा कागदच त्यांच्या खोलीचा धनी होता. घड्यांवर तो चिरत चालला म्हणून मावशींनी एकदा त्याला इस्त्री केली होती, तेव्हा उजव्या कोपऱ्यात इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग पडला होता. त्या डागावरून त्यांनी बोट फिरवलं आणि दाखला मला टेकवून पिशवीत ठेवला. रात्रभर आम्ही दोघं अंगाला अंग लावून होतो. त्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं.

सकाळी खिडकीपुढे रांग. छापखान्यातून माझ्या शंभर भावंडांचा गठ्ठा आधीच येऊन पडला होता आणि येईल त्याच्या हातात एकेक जात होता. मावशींचा नंबर आला. खिडकीतल्या भाऊंनी फोन खांद्यानं कानाशी दाबून धरलेला.

“घ्या भाऊ, दाखला.”

“ठेवा त्या ट्रेमध्ये.”

त्याच वेळी पंख्याचा वारा आला आणि माझी उजवी झडप आपसूक वर उचलली गेली. गोल शिक्का दिसायला लागला. मी म्हटलं, बघा मावशी, आत्ता बघा! मावशींना दिसली ती नुसती उलटलेली झडप. आयुष्यभर कपड्यांच्या घड्या बसवायची सवय. अंगठ्यानं दाबून त्यांनी ती परत चापूनचोपून बसवली.

दाखला ट्रेमध्ये गेला.

“झालं ना?”

“झालं, झालं. पुढचे या.”

दुपारी ताई कपडे न्यायला आल्या. “काय मावशी, समजलं का?”

“समजलं? अगं, काम उरकून आले.”

“मग पोच नीट ठेवलीत ना?”

“कसली पोच?”

ताईंचा चेहरा उतरला. “कसं केलंत, मला बोटानं दाखवा बघू.”

मावशींनी मला उघडलं. “हा दाखला शोधायचा. हा देऊन टाकायचा. लई सोपं केलंस बाई.”

ताईंनी उजवी झडप उचलली. मावशी बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “हे तू झाकून ठेवलंस की गं.”

ताई ती झडप मिटून पुन्हा उघडून बघत राहिल्या.

“आकडे तरी घालायचे. आकडे येतात मला. कुणाच्या सदऱ्याला कुणाचा आकडा, आजवर चुकले नाही मी.”

इस्त्री तशीच कलती करून दोघी धावल्या. मी मावशींच्या मुठीत चुरगळलेला. भाऊ जेवायला म्हणून खिडकी ओढत होते.

“पोच नाही, तर यातला तुमचा कोणता हे मी कसं मानू? निम्म्यांवरची नावं पुसली आहेत.”

“उजव्या कोपऱ्यात इस्त्रीचा डाग बघा.” मावशींचा आवाज चिरकला. “हवं तर इस्त्री आणून टेकवून दाखवते. टोकाला टोक जुळेल.”

भाऊंनी ढीग उपसला. एक, दहा, वीस. खालून तिसरा निघाला तो, तपकिरी कोपऱ्याचा. भाऊ खजील झाले. शिक्का धप्पकन पोचेवर बसला, आणि मावशींनी ती पोच उजेडाकडे धरून दोनदा पाहिली, वाचता येत असल्यासारखी.

ताईंनी तिथूनच छापखान्यात फोन केला. “काका, यंत्र थांबवा!” पुढच्या कागदांवर चौथं चित्र आत गेलं आणि आकडे चांगले बोटभर उंच आले. साहेब म्हणाले, “मी म्हणतच होतो, आकडे ठळक हवेत.” ताईंनी केसांतली पेन्सिल शोधायचं निमित्त काढून तोंड फिरवलं.

पण माझी ती शंभर भावंडं? मावशींना वस्तीतलं घर न् घर कपड्यांवरून ओळखीचं. ताईंना घेऊन त्या चार दिवस दारोदार फिरल्या. ज्यांनी दाखले देऊन टाकले होते, त्यांना खिडकीशी नेऊन पोच मिळवून दिली. त्र्याण्णव कागद परत आले. सात नाही आले.

मी आता ताईंच्या भिंतीवर असतो. टाचणीनं पसरलेला नाही, दोऱ्याला घडी घालून टांगलेला. माझ्यावर लाल फुली आहे. नवा कागद तयार झाला की मावशींना वर बोलावतात, घडी हातात देतात, आणि ताई तोंड मिटून फक्त मावशींचं बोट कुठे जातं ते बघतात. हे चांगलं झालं. पण मला झोप नाही. त्या सातांवर फुली नाही हो. कुणाच्या कपाटात असतील, कुणाच्या उशाखाली असतील, आणि उद्या सकाळी कुणीतरी त्यातला एक विश्वासानं उघडेल.

म्हणून हात जोडतो. निळ्या छपराचा, आकडे नसलेला घडीचा कागद तुमच्या घरी असेल, तर तो माझा भाऊ आहे. त्याच्यावर रागावू नका, पण त्याचं ऐकूही नका. उजवी झडप उचला, खाली बघा. आणि एका हातात गोल शिक्क्याची पोच येईपर्यंत दुसऱ्या हातातला दाखला सोडू नका, खिडकीतून कुणी कितीही घाई केली तरी.