परत आलेली गाडी

"एकही बुडबुडा नाही?" खालून रंगवाल्याने विचारलं.

"नाही," गळतीकाका म्हणाले.

"मग तोंड का पाडलंय? काम पास झालं की माणूस हसतो."

काका हसले नाहीत. ते कॅम्परच्या टपावर गुडघे टेकून बसले होते. एका हातात साबणाच्या पाण्याचं डबडं, दुसऱ्या हातात केस झडलेला ब्रश. आत झोपायला बाक, एक शेगडी, हात धुण्यापुरतं बेसिन असं सगळं मांडलेली ती फिरायची गाडी. तिची दारं-खिडक्या घट्ट लावून आत ब्लोअरने हवा भरायची आणि वरून साबणाचं पाणी फिरवायचं. जिथे भोक असेल तिथे बुडबुडा येतो. सायकलचं पंक्चर काढतात तसंच, फक्त इथली ट्यूब सोळा फूट लांब. काकांनी तीनदा पाणी फिरवलं होतं. प्रत्येक सांधा, प्रत्येक स्क्रू ठणठणीत होता.

गळतीकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. बस असो, रुग्णवाहिका असो, आइस्क्रीमची गाडी असो, ज्याचं छत गळेल ते काकांकडे, म्हणून हे नाव. घरचा नळ मात्र तीन महिने टपकत होता आणि बायको आल्यागेल्याला तो मुद्दाम दाखवायची.

गॅरेजच्या दाराशी एक फळा होता. त्यावर सगळ्या कारागिरांची नावं. ज्याने केलेली गाडी त्याच तक्रारीसाठी परत येईल, त्याच्या नावापुढे खडूची एक रेघ. रंगवाल्याच्या नावापुढे चौदा रेघा होत्या आणि पंधरावीसाठीही त्याने जागा राखून ठेवली होती. काकांच्या नावापुढे एकतीस वर्षांत एकही नाही. नवं गिऱ्हाईक आलं की मालक ती मोकळी जागा दाखवायचे, दुसरा कोणी नातवाचं बक्षीस दाखवेल तशी. काका अशा वेळी हातातलं काम उगाच जवळून बघत बसायचे, पण कान तिकडेच.

आणि आता ही गाडी परत आली होती. परत आली म्हणजे तशी हललीच नव्हती. गॅरेजच्या भिंतीपलीकडे गाड्या ठेवायचं आवार होतं, तिथेच ती वर्षभर उभी होती. दोन महिन्यांपूर्वी तिचा धनी आला होता. गॅरेजमध्ये पांढरे बूट घालून येणारा हा पहिलाच माणूस, म्हणून त्याचं नाव पडलं पांढरे बूट.

"वडिलांची गाडी. ते गेले," तो म्हणाला होता. "विकायची आहे, पण आत पाणी टपकतं."

काकांनी टपावरचा जुना, भेगाळलेला सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा रबरी लेप, पटाशीने खरवडून काढला, पत्रा पुसून घेतला, सांध्यांवर नवा भरला आणि बोटाने सारखा केला. सगळं झाल्यावर पांढऱ्या बुटांनी टपाच्या मधोमध असलेल्या, हवा खेळायच्या झरोक्याकडे बोट दाखवलं. "ते हवेचं झाकणही बुजवून टाका. कायमचं. तिथूनच येतं पाणी."

तिथून येत नव्हतं. काकांना ते कळत होतं. पण संध्याकाळ झाली होती, गिऱ्हाईक हट्टाला पेटलं होतं, आणि आपलं काय जातं असा विचार माणसाच्या मनात येतोच. झाकण चारी बाजूंनी सीलंटने बंद झालं.

काल गाडी आतून बघून गेल्यावर पांढऱ्या बुटांचा फोन आला. पाणी आधीपेक्षा जास्त टपकतंय, आणि उद्या पाच वाजता गाडी घेणारा बघायला येणार आहे.

"काका, पाचच्या आत शोधा," मालक म्हणाले. "नाहीतर तो फळा..."

रंगवाला ब्लोअर घेऊन गेला. काका गाडीत शिरले आणि छताकडे बघत राहिले. थेंब होते. पण सांध्यापाशी नव्हते, स्क्रूपाशी नव्हते. सपाट पत्र्याच्या मधोमध, सारखे, बारीक, दाट. बाकाच्या उशाशी सगळ्यात जास्त. आणि आठ दिवसांत पावसाचं टिपूस पडलं नव्हतं. मग हे पाणी आणलं कोणी? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं आपलं चाललंय हे काकांच्या ध्यानात आलं. सकाळपासून ते टपावर शोधत होते.

लाकूड कितपत ओलावलंय हे बघायला त्यांनी बाकाची फळी उचलली. खाली पेटी होती. पेटीत एक ताटली, एक कप, चष्म्याचं घर, गरम पाण्याची रबरी पिशवी आणि गोळ्यांचा डबा. सात वारांचे सात कप्पे, प्रत्येकात सकाळ आणि रात्र. आज गुरुवार. गुरुवारचा सकाळचा कप्पा रिकामा होता आणि रात्रीचा भरलेला.

"बूट बाहेर काढून यायचं," मागून आवाज आला.

काका इतके दचकले की फळी बोटांवर आदळली. दारात एक म्हातारी बाई उभी होती. पिकलेले केस, अंगात करड्या रंगाचा स्वेटर, खांद्याला कापडी पिशवी. काकांनी निमूट बूट काढले.

"गळतीवाले तुम्ही?" ती म्हणाली. "वॉचमन बोलला होता. मला वाटलं तुम्ही जेवायच्या सुट्टीत नसाल."

"तुम्ही त्या साहेबांच्या..."

"आई. त्याची आणि त्याच्या थोरल्या भावाचीही. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून तर माझं जमलं." ती बाकावर टेकली. "बसा. उभं राहून ऐकण्याएवढं छोटं नाही हे."

काका बसले. सदतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या त्या बाई, त्यामुळे हिशेब कसा नीट मांडून सांगितला. नवरा गेल्यावर मुलांनी वाटणी केली. तीन महिने थोरल्याकडे, तीन महिने धाकट्याकडे. धाकट्याकडचे तीन महिने भरले तेव्हा बाईंनी थोरल्याला फोन केला, धाकटा अजून राहा म्हणतोय. धाकट्याला सांगितलं, चालले थोरल्याकडे. आणि पिशवी घेऊन इथे आल्या. नवऱ्याच्या किल्ल्यांतली एक त्यांच्याकडे राहिली होती. दिवसा त्या वाचनालयात बसायच्या. वॉचमनला सगळं ठाऊक होतं, पण त्याच्या मुलीचं गणित बाई घेत होत्या, त्यामुळे झाकली मूठ झाकलेलीच होती.

"आणि दोघांनी एकदाही विचारलं नाही?"

"फोन करतात ना. बरी आहेस ना, बरी आहे. ठेवू का, ठेव." बाई पिशवीतून भाजी काढून ठेवत म्हणाल्या. "पहिल्या दिवशी थोरल्याला सांगितलं ना, की धाकटा ठेवून घेतोय, तेव्हा तो म्हणाला, अरे वा. आवाजावरून कळतं हो. चाळीस वर्गांचे आवाज ऐकलेत मी."

काकांनी मान खाली घातली. त्यांची स्वतःची आई गेली, त्याआधीची दोन वर्षं ती त्यांच्या बहिणीकडे होती. आई बहिणीकडे आहे, म्हणजे बरी असेल, असं म्हणून तेही सुखाने झोपत होते. हे आत्तापर्यंत त्यांना कधी टोचलं नव्हतं, आणि ती दोन वर्षं आईची कशी गेली हे त्यांनी बहिणीला कधी विचारलंही नव्हतं.

"भीती नाही वाटत एकटीला?"

"भीती? तिकडे रात्री पाणी प्यायला उठायचं तर विचार करायचा, कोणाची झोप मोडेल का. इथे दोनदा उठते. मुद्दाम." बाई हसल्या. "दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तर म्हटलं, आपण आपला चहा आपण करावा. फक्त अलीकडे सकाळी उशी ओली असते आणि डोकं जड. भिंत धरून उठावं लागतं. वय झालं, दुसरं काय."

"कधीपासून?"

"झाले दोन महिने."

काकांनी वर बघितलं. झाकणाभोवती त्यांचीच बोटं फिरली होती. कुठे चढउतार नाही, सुबक, अभिमान वाटावा असं काम.

"शेगडी आतच पेटवता?"

"चहापुरती. खिडकी लावून. वारा लागून विझते मेली."

काकांनी हात लांबवून खिडकी उघडली. एवढीशी गाडी, आत शेगडी, झोपलेलं माणूस, आणि हवेला सुईच्या टोकाएवढीही वाट नाही. ती वाट नाही हे त्यांनीच सकाळपासून तीनदा तपासलं होतं आणि प्रत्येक वेळी पास म्हटलं होतं.

"बाई, हे छत गळत नाही," ते म्हणाले. "हा तुमचा श्वास आहे. तुमचा, आणि चहाच्या पाण्याचा. थंड पत्र्याला लागून त्याचंच पाणी होतं आणि तुमच्याच उशीवर पडतं. वर जायला वाट होती. ती मी बुजवली. एखाद्या सकाळी तुम्ही उठला नसतात."

बाईंनी छताचा एक थेंब बोटावर घेतला. "म्हणजे वय नाही झालं," त्या म्हणाल्या. मग आवाज बदलून विचारलं, "त्याला सांगणार?"

काका बुजवलेल्या झाकणाची कड बोटाने चाचपत राहिले.

"सांगितलंत तर दोघं धावत येतील. रडतील. खरंच रडतील, वाईट नाहीत पोरं. आणि मग पुन्हा तीन महिने इथे, तीन महिने तिथे, जाताना आपली गादी आपण गुंडाळायची. आणि तो आज येणारा माणूस... गाडी गेलीच, नाही का? विकायच्या कागदावर सही मीच केली. तेव्हा कुठे माहीत होतं, मला लागेल म्हणून."

काका उठले आणि हत्यारांची पिशवी घेऊन टपावर चढले. लावलेला सीलंट काढणं हे लावण्यापेक्षा दसपट कष्टाचं. पातळ पात्याने कापत जायचं, पत्र्याला ओरखडा न काढता. चार वाजेपर्यंत झाकण मोकळं झालं. त्यांनी त्याला नवी बिजागरी लावली, आतून उघडायला दांडी दिली आणि वरून पावसाला अडवणारी पत्र्याची पन्हळ बसवली. बाई तोवर वाचनालयात निघून गेल्या होत्या. जाताना पेटीतलं सामान पिशवीत भरून, बाकावरून हात फिरवून, आपली एकही खूण त्यांनी मागे ठेवली नव्हती.

पाच वाजता पांढरे बूट आले, सोबत गाडी घेणारा, मागून मालक. रंगवालाही आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

"सापडलं का?" पांढऱ्या बुटांनी विचारलं.

काकांच्या जिभेवर एकच वाक्य होतं. छत गळत नाही साहेब, माझं काम पक्कं आहे, आत कोण राहतं ते आईला फोन करून विचारा. एवढं बोललं की फळा मोकळा राहत होता. एकतीस वर्षं शाबूत राहत होती.

"गाडी वडिलांची ना?" ते म्हणाले. "आईंना विचारलंत, विकू का म्हणून?"

"आई भावाकडे असते. मजेत आहे. तुम्ही गळतीचं बोला."

काकांनी हातातलं फडकं घडी करून खिशात घातलं.

"माझ्या हातून चूक झाली," ते म्हणाले. "झाकण बुजवायला नको होतं. ओल आत कोंडली. बाकाखालचं लाकूड फुगलंय, हात लावून बघा. झाकण मोकळं केलंय, पण सगळं सुकायला उन्हाळा लागेल. तोवर ही गाडी कोणाला देऊ नका. घेणारा फसेल."

घेणाऱ्याने हात लावून बघितलं, बोटं चोळली, आणि उन्हाळ्यात फोन करा म्हणून निघून गेला.

"एकतीस वर्षं म्हणे!" पांढरे बूट मालकांवर उसळले. "फळा काय, मोकळी जागा काय! अहो, झाकण बुजवायचं की नाही हे मला कळतं का? याला कळायला नको?"

यातलं शेवटचं वाक्य खोटं नव्हतं. काकांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं. मालकांनी मात्र चारचारदा माफी मागितली, आणि ते बघणं काकांना शिव्या खाण्यापेक्षा जड गेलं.

गॅरेजमध्ये परतल्यावर मालक थेट फळ्यापाशी जाऊन उभे राहिले. रंगवाला काकांना म्हणाला, "छत तर पास होतं. मी होतो ना तिथे. सांगितलं का नाहीत?"

"छत पास होतं. काम नापास होतं."

"काहीतरी लपवताय. बरं, राहू द्या. रेघ मी ओढतो, अशी बारीक की चष्मा लावूनही दिसायची नाही."

"दे इकडे."

काकांनी खडू घेतला. आपल्या नावापुढे रेघ ओढली. सरळ, ठसठशीत, सांध्यावर सीलंट भरावा तशी एका दमात. मालक आत निघून गेले. हात धुताना काकांचे डोळे भरून आले, आणि साबण गेला डोळ्यात असं ते उगाचच मोठ्याने म्हणाले.

घरी जायला निघाले तेव्हा भुरभुर पाऊस सुरू झाला होता. आवाराच्या भिंतीपाशी ते थांबले. कॅम्परचं झाकण दोन बोटं वर उचललेलं होतं आणि फटीतून चहाची वाफ बाहेर येऊन पावसात विरत होती. पाऊस वाढला. कितीही वाढला तरी त्या झाकणातून आत थेंब जाणार नव्हता, एवढं काकांना ठाऊक होतं. डोक्यावर पिशवी धरून ते वाफ थांबेपर्यंत उभे राहिले, आणि मग बहिणीच्या घराच्या दिशेला वळले.