तेलाच्या कॅनमधलं तीर्थ

बमरोलीच्या चाळीत बायांची नुसती रेटारेटी चालली होती. निंबाबाबानं तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन नळाखाली धरला, अर्धा भरला आणि सगळ्यांना दाखवला. पाणी नितळ.

"कॅन तुमच्याच घरचा, पाणी तुमच्याच नळाचं! आता बघा, माय रक्त देते!" बाबानं कॅन उलटासुलटा घुमवला. पाणी लालभडक! बाया हात जोडून खालीच बसल्या.

सरलाबाई मात्र उभीच. तिची सून हर्षदा सातव्या महिन्यात, अंगात रक्त कमी. बाबानं तिच्या दवाखान्यातल्या गोळ्या बंद केल्या होत्या. म्हणे, तीर्थानंच रक्त भरेल! तेव्हापासून सरलाबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"कॅन शुद्धीला म्हणून आदल्या दिवशी याच्याकडे का द्यायचा?" तिनं नवऱ्याला, पंडितला विचारलं.

"गप बस. कोप होईल," पंडित पुटपुटला.

"आणि अर्धाच का भरतो?"

"उरलेला अर्धा देवीचा."

"वा! रिकामा अर्धा देवीला होय!"

सरलाबाई प्लास्टिकचं काही फेकायची नाही. श्रीखंडाच्या डब्यात हळद, आइस्क्रीमच्या डब्यात मसूर, तेलाच्या कॅनमध्ये पाणी. कॅन धुऊन धुऊन तिला एक पक्कं ठाऊक होतं: त्याची मूठ आतून पोकळ असते आणि कितीही खळबळवा, तिथलं तेल हटत नाही. हे चाळीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं, पण बाबापुढं आठवतंय कुणाला!

ती घरातून डबा घेऊन आली. "बाबा, हेच या श्रीखंडाच्या डब्यात करून दाखवा."

"येडी का काय! मायला कॅनच लागतो."

"का? मुठीशिवाय धरता येत नाही तिला?"

बाया फिसकन हसल्या. बाबा शाप द्यायला तोंड उघडतो तोच सरलाबाईनं काल पंडितनं दिलेला आपला कॅन रांगेतून उचलला आणि सुरीनं मूठ कापली. आत गुळाच्या पाकात कालवून वाळवलेला लाल थर! अर्ध्या कॅनचं पाणी तिथवर पोचायचंच नाही; कॅन उलटा केला की रंग उतरायचा.

"अरे, हा तर साडीचा रंग!" तिचा मुलगा गोपाल ओरडला. तो सचिन गावातल्या साड्यांच्या मिलमध्ये रंगखात्यात कामाला होता. "हाताला लागला तर आठ दिवस निघत नाही!"

निंबाबाबा चपला टाकून पळाला. काही जण त्याच्या मागे धावले. हर्षदा तिथंच हातात तीर्थाचा ग्लास धरून उभी होती.

"आई, मी आठवडाभर पितेय. बाळाला काही झालं तर?"

सरलाबाईला रडू फुटलं. "मला नाही ठाऊक, पोरी. चल, डॉक्टरीणबाईंना दाखवू, आत्ताच्या आत्ता." तिनं ग्लास मोरीत ओतला. गोपाल रिक्षा आणायला धावला.

निघताना ती बायांकडे वळली. "घरी कॅनमध्ये पाणी भरायच्या आधी आपण चार वेळा हुंगून बघतो गं. मग बाबानं दिलेलं पोटुशीला पाजताना एकदाही का नाही विचारलं, की यात काय आहे?"