राखेचा साकव

मित्रांनो, ओढ्यात तिरका पडलेला हा करडा तुकडा बघून तुम्ही मला दगड समजाल. गुरंही तशीच समजतात आणि माझ्या अंगाला शिंगं घासतात. पण मी दगड नव्हे. मी एक जुना साकव, म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल आहे. खरं सांगायचं तर साकव होता होता राहिलेला. अकलोलीच्या पलीकडे एक आदिवासी पाडा आहे. त्याच्या ओढ्यावर दोन हजार सहा सालच्या वैशाखात माझा जन्म झाला.

माझं कूळ काही खानदानी नाही. भिवंडीजवळ राहनाळला केसरीनाथ शेटांची पॉवरलूमची जुनी शेड होती. लूम भंगारात गेले, शेड पाडली आणि तिथं गोदाम उभं राहू लागलं. पाडलेल्या भिंतींचा राडारोडा सगळे टाकतात तसा खाडीत जायचा होता. पण शेटांचा मुलगा भाविक नुकताच बांधकामाचा डिप्लोमा करून आला होता. त्यानं तो राडारोडा फोडून, चाळून त्याची खडी केली. वीज बनवणाऱ्या कारखान्यात कोळसा जळून बारीक राख उरते, तीही गोण्या भरभरून आणली. सिमेंट कमी केलं, त्या जागी ती राख घातली आणि त्याच मालातून या पाड्यासाठी मला ओतायला घेतलं. म्हणजे बघा, माझा बाप उकिरड्याच्या वाटेवरचा आणि आई धुराड्यातली! तरी मला त्याची कधी लाज वाटली नाही. माझ्यापुरता डोंगर फोडायचा वाचला होता, खाडी बुजायची वाचली होती. उलट मला त्याचा तोराच होता.

या पाड्यात सोमी राहते. पावसाळ्यात ओढा फुगला की पाड्याचा जगाशी संबंध तुटायचा, आणि वज्रेश्वरीचा दवाखाना ओढ्यापलीकडे. सोमीची सून मनिषा तेव्हा पोटुशी होती. तिचे दिवस भरणार होते ऐन श्रावणात. मला ओतलं त्या दिवशी सोमी येऊन भाविकसमोर उभी राहिली.

"पावसाआदी व्हईल ना रं हा? माजी सून हाय."

"व्हईल, सोमीबाय," भाविक म्हणाला. "पन यात राख हाय. राखेचा माल पक्का व्हतो, पन सावकाश व्हतो. याला पानी पाज आनि खालच्या बल्ल्या कोनाला काढू देऊ नको."

"बालंतीनच हाय म्हन की! सवा महिना उठवायचा न्हाय."

भाविक हसला. "तसाच समज," म्हणाला.

आणि सोमीनं खरोखरच तसं समजलं. तिनं माझ्या पाठीवर मातीचे बांध घालून वाफे केले, गोणपाट पसरलं आणि ओढ्याच्या वाळूत डवरा खणून त्यातलं पाणी कळशी कळशीनं आणून मला पाजलं. वैशाखातलं ऊन काय असतं हे तुम्हाला सांगायला नको. ती स्वतः तहानलेली असायची, पण मी कोरडा पडलो नाही. तिचा नवरा चिंतू तिची थट्टा करायचा. "त्यापेक्षा अकलोलीच्या कुंडाचा गरम पानी घाल, बिगीन शिजंल," म्हणायचा. एकदा त्यांची बकरी माझ्यावर चढली, तर सोमीनं बकरीला सोडून चिंतूलाच शिव्या घातल्या. मला मात्र त्या शिव्या ऐकून फार बरं वाटलं. इतकी माया करणारं माणूस टाकाऊ वस्तूच्या वाट्याला कधी येतं?

माझ्या खाली बल्ल्यांचे, म्हणजे लाकडी खांबांचे, टेकू होते. त्यांच्यावर भार टाकून मी हळूहळू घट्ट होत होतो. घाई माझ्या रक्तातच नव्हती.

पण राहनाळला घाई होती. पावसापूर्वी जो तो आपल्या गोदामाचा स्लॅब टाकायला निघाला होता, त्यामुळे फळ्या आणि बल्ल्या कुठं मिळेनात. मला ओतून जेमतेम पंधरा दिवस झाले होते, तोच एका सकाळी केसरीनाथ शेट टेम्पो आणि चार गडी घेऊन ओढ्यावर आले. भाविक त्यांच्या मागून उतरला.

"बल्ल्या काढा," शेट म्हणाले. "परवा गोदामाचा स्लॅब हाय."

"बाबा, अजून कच्चा हाय तो. राखेचा..."

"पंधरा दिवसात सगल्यांचं स्लॅब उघडतात. तुजाच तेवढा नवसाचा हाय क?"

गडी हसले. भाविक दोन पावलं मागे सरला. बापाच्या शब्दापुढे शब्द काढायचा नाही, आणि चारचौघांत तर नाहीच, अशी त्यांच्या घरची रीत. सोमी मात्र कळशी खाली ठेवून पुढे आली.

"शेट, सवा महिना झाला न्हाय."

"स्लॅबची सोयर पालतेस क गं?" शेट म्हणाले, आणि यावेळी भाविक सोडून सगळे हसले.

मित्रांनो, मला त्या वेळी ओरडायचं होतं. अरे, मी चांगला आहे, मी टिकेन, मला फक्त थांबू द्या, एवढंच सांगायचं होतं. पण काँक्रीटला तोंड नसतं. हातोड्याचे ठोके पडले आणि एकेक बल्ली निसटली. मी जीव मुठीत धरून उभा राहिलो. मधोमध जरासा वाकलो, पण उभा राहिलो.

बल्ल्या टेम्पोत भरल्या. येताना टेम्पो कोरड्या ओढ्यातून पाड्याच्या काठावर आला होता. आता भरलेला टेम्पो वाळूत रुतू लागला. ड्रायव्हर वैतागला. "पुल किसलिए बनाया है फिर?" असं म्हणून त्यानं टेम्पो वळवला आणि सरळ माझ्यावर घातला. भाविक "रुको, रुको" करत धावला, पण उशीर झाला होता. ज्या लाकडांनी मला खालून धरून ठेवलं होतं, तीच आता माझ्या पाठीवर चढली. मी मध्येच मोडलो. ड्रायव्हर उडी मारून वाचला, कोणाला खरचटलंही नाही. माझ्या मनाला तेवढाच काय तो दिलासा.

"राखच ती! टाकाऊ ते टाकाऊच," शेट म्हणाले. भाविकनं मान खाली घातली. तेच वाक्य मग पाड्यापासून राहनाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी झालं. टेम्पोचं नाव कोणी घेतलं नाही, बल्ल्यांचंही नाही. सोमी तिथंच उभी होती. भरलेल्या कळशीचं काय करावं हे तिला कळेना. शेवटी तिनं ती माझ्या मोडक्या अंगावरच ओतली आणि घरी गेली.

श्रावणात मनिषाला कळा सुरू झाल्या. चार दिवस पाऊस हटला नव्हता. चिंतूनं आणि मनिषाचा नवरा दर्शन यानं तिला घोंगडीच्या झोळीत घालून ओढ्यापर्यंत आणलं. पाणी छातीच्या वर होतं. दर्शन दोनदा आत उतरला आणि दोन्ही वेळा चिंतूनं त्याला ओढून बाहेर काढलं. काठावर चिखलाबाहेर एवढी एकच जागा होती, माझा अलीकडचा तुकडा. मनिषाला माझ्यावर ठेवलं. सोमीनं तिथंच तिला मोकळं केलं. मुलगा होता. तो रडला नाही. सोमीनं त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. तो रडलाच नाही.

दुपारी पाणी उतरलं तेव्हा मनिषाला दवाखान्यात नेलं आणि ती वाचली. पण मी या बाईला पलीकडे नेण्यासाठी जन्मलो होतो, आणि तिला पाठीवर घेऊन अलीकडेच पडून राहिलो. यापेक्षा जास्त असहाय कोणी असेल तर मला तरी माहीत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नवा साकव झाला. त्याच्यासाठी पाड्यामागच्या डोंगराला सुरुंग लावून ताजी खडी काढली, आणि राखेचा कणही घातला नाही. नारळ फोडताना शेट म्हणाले, "अस्सल माल हाय. म्हनून उबा हाय."

मनिषा गर्दीत होती. तिनं विचारलं, "शेट, याच्या बल्ल्या कवा काढल्या?"

"दोन म्हयनं कोनाला हात लावू दिला न्हाय!" शेट अभिमानानं म्हणाले.

मनिषानं खाली ओढ्यात माझ्याकडे बोट दाखवलं. "मंग याच्या?"

शेटांनी वळून खोबऱ्याचं ताट मागवलं. मग खोबरं वाटायला सुरुवात झाली. भाविकच्या हातातला तुकडा मात्र हातातच राहिला.

आता तो डोंगर दर वर्षी थोडा कमी होतो, आणि भिवंडीचा राडारोडा पुन्हा खाडीत जातो. मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. तुमच्या गावात कोणी टाकाऊतून काही उभं करू लागलं, तर त्याला त्याचा वेळ द्या. त्याच्या खालचा टेकू काढायला कोणी आलं, मग तो कितीही मोठा असो, तर गप्प बसू नका. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.