मघाचं लक्षात न राहणारा

मी भरतकामाच्या दुकानातला म्हातारा कॉम्प्युटर बोलतोय. जरा सावकाश बोलतो, घाई करू नका. माझी मेमरी तोकडी आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त थोरल्या जावयांना ते पटत नव्हतं.

मालकांनी मला आणलं तेव्हा मी दुकानाची शान होतो. ते कागदावर नमुने काढायचे, मी ते शेजारच्या भरतकामाच्या मशीनला टाक्याटाक्यानं सांगायचो. हे मशीन भारी मानी. आजही माझ्याखेरीज कुणाचं ऐकत नाही. मालक गेले, पण जाण्याआधी धाकट्या लेकीच्या लग्नातल्या शालीसाठी एक वेल काढून माझ्याकडे ठेवून गेले.

मग जावईबापू आले. "सासूबाई, याच्यात जागाच नाही. मी आवरून देतो."

मालकीणबाईंना जावयाला नाही म्हणणं कधी जमलंच नाही. जावयांनी सगळे नमुने, शिवाय घरातले व्हिडिओ, आपल्या दांडग्या लॅपटॉपवर एकाच फाइलमध्ये कोंबले. फाइल लहान व्हावी म्हणून सगळ्यात घट्ट बांधणी, म्हणजे कॉम्प्रेशन, निवडली. ते गाठोडं मला दिलं आणि सुटे नमुने पुसून टाकले.

अशा बांधणीची गंमत ऐका. तीच गोष्ट पुन्हा आली की ती लिहायची नाही, 'मघाचंच' एवढी खूण करायची. म्हणजे सोडणाऱ्याला ते मघाचं डोक्यात धरून बसावं लागतं. लॅपटॉपला पार मागचं आठवतं. माझ्या डोक्यात तेवढं मावतच नाही.

लग्न तोंडावर आलं. धाकटीनं फाइल उघडली आणि मी 'मेमरी अपुरी' म्हणून हात टेकले. पुन्हा उघडली, पुन्हा तेच. मालकीणबाई कोरी शाल मांडीवर घेऊन बसल्या.

"त्यांच्या हातचं तेवढंच उरलं होतं गं."

"भावोजींना बोलावते."

"नको बाई. जावयाला चूक कशी दाखवायची?"

"तू नको दाखवू. मी मेहुणी आहे, मला चालतं."

जावई लॅपटॉप घेऊन आले. मला बघून म्हणाले, "हे भंगारात द्या आता."

"गाठ तुम्ही मारायची, आणि भंगारात म्हाताऱ्यानं जायचं होय?" धाकटी म्हणाली.

जावयांचे कान लाल झाले. त्यांनी लॅपटॉपवर गाठोडं सोडलं, वेल वेगळी काढली आणि माझ्याकडे दिली.

सुई धावू लागली. मालकांच्या हातून एक पान जरा वाकडं आलं होतं. शालीवरही ते तसंच उमटलं. मालकीणबाईंनी त्यावर बोट ठेवलं, हसल्या, आणि मग त्यांना रडू आवरेना.

हल्ली जावई काहीही बांधण्याआधी माझ्याकडे बघून विचारतात, "आजोबांना उघडेल ना?" तुम्हीही तेवढं विचारत जा. सामान हवं तितकं घट्ट बांधा, पण सोडणारा कोण आहे ते आधी बघा.

मी आणखी किती चालेन, कुणास ठाऊक. मघाचं माझ्या लक्षात राहत नाही. पण ती वेल माझ्याजवळ आता सुटीच ठेवली आहे. मशीननं विचारलं की वाकड्या पानासकट सांगतो.