पुढे हलवलेले नऊ जण

त्रिवेणीनं सहा वर्षं वाट पाहिली होती. आणखी तीन महिने थांबणं तिला जड गेलं नाही.

व्हेस्टा ही युरोपातली विमान कंपनी हैदराबादेत आली, तेव्हा त्रिवेणी हिमायतनगरच्या तिकीट ऑफिसात होती. देशाचा बाजार जगाला नुकता उघडला होता. सॉफ्टवेअरवाले, औषधांचे कारखानदार, सगळ्यांना परदेशी जायची घाई. हैदराबादहून थेट विमान का चालेल, यावर तिनं चाळीस पानांचा अहवाल लिहिला. मॅनेजर किशोर वैद्य यानं तिचं नाव काढून स्वतःचं घातलं आणि तो वरती पाठवला. थेट विमान सुरू झालं, किशोरला बढती मिळाली.

तिनं केबिनमध्ये जाऊन जाब विचारला. आठवड्याच्या आत तिच्या हातात त्याच्या सहीचं पत्र पडलं: कंपनीचे गुप्त दर तुम्ही कोठी भागातल्या एका एजंटाला पुरवलेत. चौकशीत काहीच निघालं नाही. पण पत्र कुणी मागे घेतलं नाही, आणि तिला बेगमपेट विमानतळावर वजनाच्या खोलीत धाडण्यात आलं.

तिचे वडील हिम्मतराव रोज संध्याकाळी अफझलगंजच्या लायब्ररीत मराठी पेपर वाचायला जात. तिथं बिदर-उदगीरकडच्या चार म्हाताऱ्यांची बैठक असे. एकदा त्यातल्या एकानं विचारलं, "तुमच्या लेकीचं काय तरी लफडं झालं म्हणे ऑफिसात?" त्या दिवसापासून हिम्मतरावांनी लायब्ररी सोडली. पेपर घरी येऊ लागला, बरेचदा घडीही न मोडता पडून राहू लागला. दर शनिवारी ते विचारत, "पत्र परत घेतलं का गं त्यानं?" दोन वर्षं विचारत राहिले आणि मग गेले.

वजनाच्या खोलीतलं काम त्रिवेणी चोख करी. विमानात कुठल्या भागात किती माणसं, पोटात किती माल, यावरून तोल काढायचा आणि वैमानिकाची सही घ्यायची. दुपारी दोनचं विमान. मे महिन्यात धावपट्टी तापली की जुन्या विमानाला तेवढं वजन उचलवत नसे. मग औषधांची खोकी खाली उतरवावी लागत आणि कारखान्याच्या शिव्या फोनवर तिलाच खाव्या लागत.

२००५ साली बातमी आली: व्हेस्टा चार कोरी विमानं घेतेय. लांब पल्ल्याचे मार्ग तीस, विमानं चार. हैदराबादला त्यातलं एक मिळालं, तर किशोर साऱ्या भारताचा प्रमुख होणार, हे ऑफिसातल्या चहावाल्यालाही ठाऊक होतं.

आणि मग काउंटरवरून रोज फोन येऊ लागला. "मॅडम, आज नऊ जण पुढे हलवले." मागच्या साध्या वर्गाच्या तिकिटावरचे नऊ जण बिझनेस क्लासात. माणसं पुढे सरकली की तोल बदलतो, म्हणून तिला कळवणं भाग होतं. कधी सात, कधी अकरा. बहुतेक एजंट आणि त्यांचे सोयरे. कारण विचारलं की एकच उत्तर: वैद्य साहेबांचा हुकूम. किशोरच्या मासिक अहवालात मात्र हेच लोक 'मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक करारावरचे प्रवासी' होते. कराराचा हिशेब वर्षअखेरीस होई. तोवर विमानांचा निर्णय होऊन गेला असता.

वजनाच्या खोलीतही फोन असतो, हे किशोर विसरला होता. त्रिवेणीनं प्रत्येक दिवसाच्या यादीची प्रत फायलीला लावली. तक्रार लगेच करता आली असती. पण किशोरनं मुख्य कचेरीच्या माणसांसमोर उभं राहून या आकड्यांखाली स्वतःची सही करावी, एवढं तिला हवं होतं.

तीन महिन्यांनी मुख्य कचेरीतून सुलभा करंदीकर आल्या. मूळच्या पुण्याच्या, कुठलं विमान कुठल्या मार्गावर घालायचं हे ठरवणाऱ्या चमूतल्या. किशोरनं त्यांच्यापुढे तासभर आकडे मांडले आणि झोकात सही केली. दुसऱ्या दिवशी बाई माल चढताना बघायला बेगमपेटला आल्या. त्रिवेणीनं त्यांना खुर्ची दिली आणि फाईल पुढे ठेवली.

सुलभाबाईंनी पानं उलटली. पुन्हा पहिल्यापासून उलटली.

"हे तुम्ही कधीपासून ठेवताय?"

"तीन महिन्यांपासून."

"आणि आज दाखवताय?" त्यांनी चष्मा काढला. "त्रिवेणीताई, नवं विमान आम्ही भरलेल्या खुर्च्या बघून देत नाही, विकल्या गेलेल्या बघून देतो. तिथं तुम्ही थोडे कमी पडता. पण तुमच्या उन्हात जुनं विमान माल टाकून उडतं, नवं सगळा घेऊन उडेल. खऱ्या आकड्यांवर आणि औषधांच्या जोरावर मी हैदराबादसाठी भांडले असते. बहुतेक जिंकलेही असते."

"आता?"

"आता या मार्गाचा एकही आकडा कुणी खरा मानणार नाही. विमान दुसऱ्या शहराला जाईल." त्यांनी फाईल मिटली. "ही फाईल मी नेली नाही, असंही होऊ शकतं. मग नव्यानं, सरळ मार्गानं अहवाल करू."

"मग वैद्य साहेबांचं काय होईल?"

"समज मिळेल. फार तर बदली."

त्रिवेणीनं खिडकीतून बाहेर पाहिलं. हमाल खोकी चढवत होते. त्यातली किती परत उतरणार, हे तिला आताच सांगता आलं असतं.

"न्या," ती म्हणाली.

पंधरा दिवसांत किशोरला काढलं. जायच्या आधी तो वजनाच्या खोलीत आला. चेहरा उतरलेला, पण शर्टाची इस्त्री कडक.

"एका पत्रासाठी केलंस हे?"

"हौ. एका पत्रासाठीच." तिनं कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. "आरोप खोटा होता, एवढं लिहा."

"आता माझ्या सहीला काय किंमत आहे?"

"मला ठाऊक आहे. तरी लिहा."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर नका लिहू. तुमची चौकशी झाली आणि त्यात सगळं निघालं. माझी झाली होती, तीत काही निघालं नव्हतं. आता ऑफिसात दोन्ही गोष्टी एकत्रच सांगतील."

त्यानं कागद चुरगळून टेबलावर टाकला आणि तो गेला. तिला वाईट वाटलं नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा तिनं दुपारचा डबा सगळा संपवला.

नवं विमान दुसऱ्या शहराला गेलं. मे महिन्यात खोकी पुन्हा उतरू लागली. एका कारखान्यानं कंटाळून आपला माल मुंबईमार्गे वळवला, आणि आठ हमालांचं काम सुटलं. त्यातले दोघं तिच्या खोलीत रोज पाणी प्यायला येत. त्या दोन चेहऱ्यांनी तिला बरेच दिवस छळलं.

जूनमध्ये तिची आई चतुराबाई थोरल्या मुलाकडे, संदेशकडे, अमेरिकेला निघाली. जुन्याच विमानानं. गुडघ्यांमुळे चाकाच्या खुर्चीत बसून ती काचेपलीकडच्या विमानाकडे बघत होती.

"नवं विमान येणार होतं ना गं?"

"येणार होतं. मी येऊ दिलं नाही." आणि त्रिवेणीनं सगळं सांगितलं, हमालांसकट.

चतुराबाई म्हणाली, "तुझे बाबा असते तर रागे भरले असते तुला."

"हौ आई. भरले असते."

"त्या माणसाला मात्र त्यांनीही सोडलं नसतं." तिनं पदर सावरला. "चल, उशीर होईल."

त्रिवेणीनं खुर्ची विमानाच्या दारापर्यंत ढकलत नेली.