नाण्याला रंग देणारं पाकीट

मित्रांनो, मी एक जुनं, तपकिरी, पगाराचं पाकीट आहे. आत डोकावू नका, पगार केव्हाच संपला. तुम्हाला खरं तर त्या चांदीच्या नाण्याची गोष्ट हवी असणार. सगळ्यांना तीच हवी असते. कडेला निळा, आत जांभळा, मधोमध सोनेरी, असे त्याचे फोटो मान वाकडी करून बघणारे मला खूप भेटले. ते रंग त्याच्या अंगावर चढवले कुणी, हे विचारणारा एकही नाही. मी चढवले. स्वस्तातल्या कागदात गंधक असतं आणि ते चांदीला हळूहळू लागत जातं. मी तर कारखान्याने घेतलेला सगळ्यात स्वस्त कागद. बेचाळीस वर्षं त्या पांढऱ्याफटक नाण्याला पोटाशी धरून बसलो मी, आणि भाव खाल्ला त्याने.

माझा जन्म घड्याळांच्या एका कारखान्यात झाला. अंगावर कारखान्याचं छापील नाव आणि तारखेचा शिक्का बसला, आणि मी एका तरुण घड्याळजीच्या हातात गेलो. त्या महिन्याच्या पगारात चुकून एक जुनं चांदीचं नाणं आलं होतं. त्याच आठवड्यात त्याला मुलगी झाली. त्याने नाणं बाजूला काढलं, मला टेबलावर सपाट ठेवलं आणि कडक पेन्सिलीने शिक्क्याखाली लिहिलं, ‘मुलीसाठी. तिच्याच हाती द्यावे.’ दाबून लिहायची खोड होती त्याला. मला तेव्हा चांगलंच लागलं. मग नाणं आत ठेवून त्याने मला हत्यारांच्या खणात, तुटक्या स्प्रिंगांखाली सरकवलं.

पुढे त्याला एक मुलगा झाला. मुलगी मोठी, म्हणून ती ताई, आणि हा धाकटा. म्हातारपणी घड्याळजी अंथरुणाला खिळला, तेव्हा सहा महिने त्याचं सगळं ताईने केलं. धाकटा अधूनमधून यायचा आणि चहा पिऊन जायचा. म्हातारा गेला. वाटणीच्या वेळी धाकट्याने साळसूदपणे हत्यारांचा खण मागितला. ताईने तो देऊन टाकला.

धाकट्याला रंग चढलेली चांदीची नाणी जमवायचा नाद होता. खणातून त्याने मला काढलं, वाचलं, नाणं तळहातावर घेतलं आणि उजेडात तिरकं धरलं. तेवढ्यात ताईचा फोन आला.

“काय रे, बाबांच्या खणात माझ्यासाठी काही होतं का? शेवटी शेवटी ‘पाकीट, पाकीट’ म्हणायचे.”

“गंजके स्क्रू आहेत नुसते,” तो म्हणाला. “त्यांना तेव्हा कुठे काय कळत होतं.”

तोंड असतं, तर मी तिथेच ओरडलो असतो. त्या दिवसापासून मला हा माणूस डोळ्यांसमोर नको झाला. पण कागदाचं कोण ऐकतं?

त्याने खिडकीला काळं कापड लावलं, कॅमेरा उलटा टांगला आणि एक दिवा टेबलाच्या कडेला अगदी खाली बसवला. दिवा खाली असला की नाण्याचा उठाव दिसतो, यावर तो तासभर बोलू शकायचा. नाणं सपाट ठेवलं की राखाडी दिसे. एका बाजूने जरा उचललं की सगळे रंग उसळून यायचे. उचलायला काय घेतलं असेल? मला. माझी चौघडी घातली, अक्षर आत गेलं, आणि मी नाण्याच्या बुडाखाली टेकण झालो. मी कुठेच दिसणार नाही असे त्याने शंभर फोटो काढले असतील.

नाणी जमवणाऱ्यांची एक मंडळी दर रविवारी वाचनालयाच्या माडीवर जमत असे. तिथे एक निवृत्त मास्तर होते, गळ्यात सदा भिंग, म्हणून त्यांना सगळे भिंगमास्तर म्हणत. त्यांचं आणि धाकट्याचं विळ्याभोपळ्याचं सख्य. त्यांनी फोटो पाहिला आणि चारचौघांत सांगितलं, “रंग खोटे आहेत. डबीत उकडलेलं अंडं ठेवा, शेजारी नाणं ठेवा. दोन दिवसांत असंच होतं.”

“वडिलोपार्जित आहे,” धाकटा चवताळला.

“मग ज्यात होतं ते दाखवा. नाहीतर मंडळीच्या प्रदर्शनात हे नाणं लागायचं नाही. आणि तुमची बाकीचीही काढा.”

धाकटा कात्रीत सापडला. मला दाखवलं तर ताईचं नाणं ताईला द्यावं लागणार. न दाखवलं तर मंडळीत लबाड ठरणार. दोन दिवस तो धुमसत फिरला. तिसऱ्या दिवशी त्याने मला उलगडलं, मऊ खोडरबर घेतलं आणि पेन्सिलीचं अक्षर खोडून काढलं. छापील नाव राहिलं, शिक्का राहिला, नाण्याच्या कडेचा गोल वळ राहिला. त्याने चुरा फुंकला, तोच दिवा तसाच खाली लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा फोटो काढला. भिंगमास्तरांची जिरवायची म्हणून तो फोटो दोन हात मोठा छापून घेतला.

माडीवरच्या प्रदर्शनात नाणं मांडलं होतं, शेजारी मी, आणि वर भिंतीवर माझा भलामोठा फोटो. भिंगमास्तर आले. वळ पाहिला, तारीख पाहिली.

“रंग खरे आहेत,” ते तोंड वाकडं करून म्हणाले. धाकट्याची छाती फुगली. पण मास्तर हलेनात. त्यांनी फोटोजवळ जाऊन भिंग डोळ्याला लावलं. “दिवा खाली होता, म्हणून इथे खाचा उठून दिसताहेत. कुणीतरी दाबून लिहिलेलं दिसतंय. मु... ली... सा... ठी.”

“पुढचं मी वाचते,” मागून एक बाई म्हणाली. प्रदर्शनाची बातमी वर्तमानपत्रात वाचून ताई आली होती. तिला बोलावलं अर्थातच नव्हतं. “‘तिच्याच हाती द्यावे.’ बाबांचं अक्षर आहे.”

“ताई, आपण घरी बोलू,” धाकटा पुटपुटला.

“फोनवर विचारलं होतं की मी. गंजके स्क्रू.” तिने हात पुढे केला.

सगळी माडी बघत होती. त्याने नाणं तिच्या हातावर ठेवलं. तिने मला उचललं आणि नाणं माझ्यात टाकलं. तो माणूस खरोखर कळवळला. बाप गेला तेव्हा असा कळवळला नव्हता.

“त्यात नको ठेवूस गं. त्या कागदाने रंग चढतच जातो. काळं ठिक्कर पडेल ते.”

“पडू दे,” ताई म्हणाली.

आता मी तिच्या कपाटात, चादरींखाली असतो. नाण्याची कड काळी पडायला लागली आहे आणि मी कामात अजिबात कसूर करत नाही. अजून थोडी वर्षं गेली की त्याचा फोटो काढायला कुणी फिरकणार नाही. ताई मात्र मला बाहेर काढते. नाणं ती बघतही नाही. जिथे अक्षर होतं, त्या खाचांवरून बोट फिरवते आणि मला परत ठेवते.

मित्रांनो, वस्तू जपताना तिच्यावरचा कागदही जपा. त्यावर कुणाचं तरी काहीतरी लिहिलेलं असतं. आणि खोडायचंच असेल, तर निदान दाबून लिहिणाऱ्या माणसाच्या वाटेला जाऊ नका.